कोरडा तांदूळ

३ जुलै १९२७, रविवार

आजपासून ही वही वेगळी ठेवतो. दवाखान्याच्या वहीत रोग्याचे नाव, खाते आणि औषध एवढेच लिहायचे असते. मला जे पडताळून पाहायचे आहे त्याला तिथे जागा नाही.

गिरणीच्या दवाखान्यात मला नऊ वर्षे झाली. विणकर मागावर आडवे सूत नेणाऱ्या धोट्याच्या भोकाला ओठ लावून सूत तोंडाने ओढून घेतात. दिवसातून शंभरदा तरी. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जातो. त्यांचे पुढचे दात लवकर जातात, म्हणून मी इतके दिवस समजत होतो की कीड एकमेकांच्या थुंकीतून लागते. पण शेजारच्या मागांवर उभे राहणारे दोघे, एकच धोटा चोखणारे. त्यातल्या एकाचे दात भुईमुगाच्या टरफलासारखे आणि दुसऱ्याचे धड, असे कसे होते?

मला वाटते फरक लाळेत आहे. भरपूर लाळ दात सतत धुते, अन्नाचा आंबटपणा मारते. ती आटली की तोंड म्हणजे न घासता ठेवलेले भांडे. हे माझे मत झाले. मत म्हणजे पुरावा नव्हे. डिसेंबरात पुण्याच्या वैद्यक परिषदेत निबंध वाचायची परवानगी आली आहे. पुरावा त्याआधी हवा.

११ जुलै, सोमवार

वाइंडिंग, म्हणजे सूत गुंडाळायच्या, खात्यातली मायाक्का पोटात कळ येते म्हणून आली. धनगराची, माहेर कुंभारीचे, वय तिशीच्या आसपास. नवरा, नाव गुंडा, आमच्याच गिरणीत कार्डिंगला, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात, आहे. जीभ पाहायला तोंड उघडायला लावले आणि पाहतच राहिलो. बत्तीसच्या बत्तीस दात, एकावरही डाग नाही.

मेणाचा गोळा चघळायला देऊन पाच मिनिटांची लाळ काचेच्या मापात घेतली. अडीच ड्राम, म्हणजे अडीच लहान चमचे, भरली. आजवर इतकी कोणाची भरली नव्हती. ती तोंडावर पदर धरून हसत होती. "थुकायला बी डाक्तर लागतोय व्हय?" तिच्याबरोबर त्या खात्यातल्या बायकांवर देखरेख करणारी नायकीण सोजरबाई आली होती. ती म्हणाली, "थुक की गं. हितं थुकल्यावर दंड न्हाय."

पोटासाठी बेलाडोनाचा अर्क दिला. पंधरा थेंब, तीन वेळा.

३० जुलै, शनिवार

मायाक्का सांगायला आली की कळ गेली, जाऊन आठ दिवस झाले. पण तोंड सारखे कोरडे पडते, पाण्याचा घोट घेतल्याशिवाय भाकरी उतरत नाही. बेलाडोनाने लाळ आटते हे पुस्तकातले आहे, त्यात नवे काही नाही. मापून पाहिली. पाव ड्राम.

औषध इथेच थांबवायला हवे होते. मी तिला सांगितले की अर्धवट सोडलेले दुखणे उलटते. हे सर्वसाधारणपणे खरे आहे. तिच्या बाबतीत खरे आहे की नाही, ते मला ठाऊक नाही.

वाक्य बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आले की असा पुरावा पुन्हा हाती येणार नाही. तेच तोंड, तेच दात, तीच भाकरी. बदललेली गोष्ट एकच. डाग पडले तर माझे मत सिद्ध. न पडले तर मी चुकलो, तेही लिहीन. दोन महिने, अधिक नाही. थेंब चुकू नयेत म्हणून तिला तीनही वेळा दवाखान्यात येऊन माझ्या हातूनच घ्यायला सांगितले आहे. ती म्हणाली, डॉक्टर स्वतःच्या हाताने औषध पाजतात हे खात्यात कोणाला खरे वाटत नाही.

१४ ऑगस्ट, रविवार

दुपारी जेवताना कमलम्माला, म्हणजे माझ्या पत्नीला, प्रयोगाबद्दल सांगितले. तिने विचारले, त्या बाईला हे ठाऊक आहे का? मी म्हणालो, तिला समजणार नाही.

कमलम्मा म्हणाली, "नऊ वर्षं तुम्ही या बायकांना मूल कसं न्हाऊ घालायचं, पाणी कसं उकळायचं, सगळं समजावता. हे तेवढं समजायचं नाही होय?"

मला राग आला. पानावरून उठलो नाही, जेवण संपवले. राग तिच्या बोलण्याचा आला की ते बरोबर असल्याचा, हे ठरवता येत नाही. तिला शास्त्राची रीत माहीत नाही, हेही तितकेच खरे.

२ सप्टेंबर, शुक्रवार

पहिला डाग. खालच्या जबड्यात, डावीकडे, हिरडीलगत. तपकिरी आणि मऊ. दात तपासायच्या सळईचे टोक त्यात अडकले. मला काळजी नव्हे, आनंद वाटला. खरे लिहायचे ठरवले आहे म्हणून लिहितो.

मायाक्काची दुसरी तक्रार अशी, की जवळचे दिसत नाही. तुटलेल्या सुताचे टोक सापडत नाही, गाठ मारायला वेळ लागतो, सोजरबाई ओरडते. दोनदा दंड झाला. मधूनच डोक्यात गुंगी येते आणि आपण काय करत होतो ते आठवत नाही. हेही बेलाडोनाचेच. थेंब बारावर आणावेत असे मनात आले. पण प्रमाण मध्येच बदलले तर आधीच्या सात आठवड्यांना अर्थ उरत नाही. बोरिकचे पाणी डोळ्यांना लावायला दिले. त्याने अपाय नाही.

१४ सप्टेंबर, बुधवार

वाइंडिंग खात्यातून बारीक सुताचे दोन गठ्ठे गेले. सहा बायकांवर संशय आहे. त्या दिवशी त्या त्याच सुताच्या कामावर होत्या. मायाक्का त्यांतली एक. खात्याचा मुकादम महादेवप्पा म्हणतो की गावाकडच्या रीतीने तांदूळ चावायला देऊ. गिरणीच्या आवारातल्या म्हसोबापुढे ठेवलेले तांदूळ प्रत्येकीने चिमूटभर चावायचे आणि पानावर थुंकायचे. जिचे कोरडे निघतील ती चोर.

मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून विचारले, यात काही तथ्य आहे का. मी म्हणालो, देवाचा भाग सोडला तर आहे. भीतीने लाळ आटते हे शरीरशास्त्र मान्य करते. साहेब खूश झाले. मग शास्त्रशुद्धच करा म्हणाले, आणि पाने पाहायचे काम माझ्यावर टाकले. मी एक सुधारणा सुचवली. कोणते पान कोणाचे हे मला कळता कामा नये. चावताना मी पाठ करून उभा राहीन, पानांना नुसते आकडे घालावेत. म्हणजे निर्णयात पक्षपात होणार नाही.

साहेब म्हणाले, तुमच्यासारखा काटेकोर माणूस गिरणीत दुसरा नाही.

१७ सप्टेंबर, शनिवार

अर्ध्या दिवसाची सुट्टी झाल्यावर म्हसोबापुढे सहाजणींना ओळीत उभे केले. दोनएकशे माणसे थांबली होती. मी ठरल्याप्रमाणे पाठ केली. महादेवप्पा मोठ्याने शंभरपर्यंत मोजत होता. मागे कोणी रडत होती, कोणी देवाचे नाव घेत होती. मग थुंकण्याचे आवाज आले.

वळलो तेव्हा पळसाची सहा पाने जमिनीवर होती. पाचांवर पांढरा लगदा. तिसऱ्यावर पीठ. वाऱ्याने थोडे उडालेसुद्धा.

महादेवप्पाने विचारले, "डाक्तर, कोरडं कंचं?"

मी म्हणालो, "तिसरे."

तिसरे पान मायाक्काचे होते.

पुढचे थोडक्यात लिहितो. तिला वाटले काहीतरी चूक होते आहे. ती पुन्हा तांदूळ मागत होती. सोजरबाईने तिची झडती सर्वांसमोर घेतली, लुगड्याच्या निऱ्यांपर्यंत. काही सापडले नाही. महादेवप्पाने तिच्या कपाळाला चुन्याचे बोट लावले आणि फाटकापर्यंत चालवत नेले. पोरे मागून "चोर, चोर" करत गेली. नवरा गुंडा गर्दीत होता. तो पुढे आला नाही. ती माझ्याकडे वळून एवढेच म्हणाली, "डाक्तर, तुमी सांगा की."

मला विचारले होते की कोरडे कोणते. मी त्याचे खरे उत्तर दिले होते.

१८ सप्टेंबर, रविवार

काल सकाळी सात वाजता, आणि पुन्हा अकराला, मी तिला पंधरा-पंधरा थेंब पाजले होते.

पान पाहताना हे माझ्या ध्यानात होते का, हे प्रामाणिकपणे आठवतो आहे. मला वाटते, बोलून गेल्यावर ध्यानात आले. 'मला वाटते' हे शब्द मुद्दाम ठेवले आहेत.

शिवाय ती घाबरलेली होती. कोरडेपणात भीतीचा भाग किती आणि औषधाचा किती, हे सांगता येणार नाही. चोरी तिने केली नसेलच असेही मी म्हणू शकत नाही. पण निदान औषधाची गोष्ट साहेबांना सांगायला हवी. त्याआधी खात्री करून घेणे बरे. अर्धवट माहितीवर बोलणे मला कधीच जमले नाही.

२१ सप्टेंबर, बुधवार

स्वतःवर प्रयोग केला. तीन दिवस पंधरा थेंब तीन वेळा. आज सकाळी स्वयंपाकघरातले तांदूळ चावले. मी कोणाची चोरी केलेली नाही, मला कोणी धमकावलेले नाही. बशीत पीठ पडले, तसेच पांढरे.

कमलम्मा दारात उभी होती. तिने बशी पाहिली. "आता तुम्ही चोर की तिचे तांदूळ खोटे?" असे विचारून उत्तराची वाट न पाहता बशी घासायला घेऊन गेली.

१८ तारखेच्या नोंदीत एक दुरुस्ती. तिसरे पान पाहताच ते कोणाचे हे मला कळले होते. बोलण्याच्या आधी.

२३ सप्टेंबर, शुक्रवार

साहेबांना पत्र लिहिले. पहिला मसुदा फार भावनेचा झाला होता. दुसऱ्यात प्रयोगाचा उल्लेख होता. तो विषय इथे अप्रस्तुत आहे आणि परिषदेआधी फुटणे बरे नव्हे. तिसरा पाठवला. "सदर बाईस पोटाच्या विकारावर जे औषध चालू होते त्याने क्वचित लाळ कमी होऊ शकते, ही बाब विचारात घ्यावी." यात चुकीचा शब्द नाही. 'क्वचित' बद्दल मन साशंक आहे.

दुपारी साहेबांनी बोलावले. पत्र टेबलावर होते. म्हणाले, तुमचे म्हणणे ती निर्दोष आहे असे आहे का? मी म्हणालो, तसे मला खात्रीने म्हणता येणार नाही. तेव्हा त्यांनी सांगितले की सोमवारी सकाळी तिने म्हसोबापुढे सर्वांदेखत गुन्हा कबूल केला. गुंडाला तंबी दिली होती की बायको कबूल झाली तर तुझे काम राहील, नाहीतर दोघेही बाहेर. त्याने तिला आणून उभे केले. कबूल झाल्यावर त्यानेच तिला कुंभारीला भावाकडे पोचवले. दोन्ही मुले ठेवून घेतली.

साहेबांनी पत्र मला परत दिले.

खोलीतून बाहेर आलो तेव्हा मला हलके वाटत होते. तसे वाटायला नको होते.

२६ सप्टेंबर, सोमवार

मायाक्काचा भाऊ येडू दवाखान्यात आला. मेंढरे राखतो. कांबळे खांद्यावरून काढून हातात धरले आणि दारातच बसला. रोगी संपेपर्यंत तिथेच थांबला. मग म्हणाला, घरात सगळ्यांनी तिला चोर ठरवलेय. त्याच्या बायकोने, चुलत्याने, गावाने. बहीण स्वतःही तसेच म्हणते. पण त्याचे मन घेत नाही.

"ल्हानपनी शेरडाला कुनाच्या झाडाचं ढाळं तोडून दिलं तरी मालकाला इचारून द्यायची ती. डाक्तर, तुमी शिकल्यालं मानूस. तांदूळ खोटं बोलत्यात का?"

मी म्हणालो, तांदूळ कोरडे निघायला अनेक कारणे असू शकतात. त्याने विचारले, म्हणजे तिने घेतले नसेल? मी म्हणालो, तेही मला सांगता येत नाही. त्याने कांबळे पुन्हा खांद्यावर टाकले. "मंजी नसंल बी," असे स्वतःशीच म्हणाला आणि तेवढ्यावर समाधान मानून उठला. त्या घरात तिच्या बाजूचा हा एकटाच दिसतो.

२९ सप्टेंबर, गुरुवार

गठ्ठे सापडले. रंग खात्यात चुकून गेलेल्या मालाखाली होते. महादेवप्पाने येऊन हळूच सांगितले. साहेबांचे म्हणणे की बोभाटा नको. मी विचारले, मग मायाक्काचे काय? महादेवप्पा म्हणाला, "तिनं कबूल केलंय की, डाक्तर. हे न्हाय तर दुसरं कायतरी घेतलं आसंल. न घेता कोन कबूल हुतंय?"

रविवारी कुंभारीला जायचे ठरवले. तिला आणि येडूला सगळे सांगायचे. थेंब, प्रयोग, गठ्ठे. हे मी वहीत लिहून ठेवतो म्हणजे मागे फिरता येणार नाही.

२ ऑक्टोबर, रविवार

जाऊ शकलो नाही. अंग कसकसत होते. ताप मोजला, नव्हता.

९ ऑक्टोबर, रविवार

टांग्याने कुंभारीला गेलो. निघताना पिशवीत तोंडाचा आरसा आणि सळई टाकली. कमलम्माने ते पाहिले. मी म्हणालो, तिचे दात दुखत असतील तर पाहता येतील.

येडूचे घर गावाच्या कडेला, मेंढरांच्या वाड्याला लागून. मायाक्का ओसरीच्या खाली, अंगणात, सुपात ज्वारी घेऊन निवडत बसली होती. वर्षभर तिने चुलीला हात लावायचा नाही, सगळ्यांच्या मागून जेवायचे, असे चुलत्याने ठरवून दिले आहे. बिरोबाला एक मेंढा कापून झाला. मला पाहून ती उठली आणि पाया पडली. मी मागे सरलो. येडूने माझ्यासाठी कांबळे अंथरले.

मी बोलायला सुरुवात केली. तांदळाच्या दिवशीची एक गोष्ट राहिली आहे, असे म्हणालो. पण ती आधीच बोलू लागली होती. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हते, हे मला विलक्षण वाटले.

ती म्हणाली, पहिले दोन दिवस ती गुंडाला शपथेवर सांगत होती की मी घेतले नाही. मग तिला वाटले, देव खोटे कसे सांगेल? त्या महिन्यात डोळ्यांपुढे अंधारी यायची, आपण काय करतोय ते आठवायचे नाही. त्या गुंगीतच कधीतरी गठ्ठे उचलले असतील, कुठे टाकले तेही विसरले असेल.

"सोमवारी देवाम्होरं उबी ऱ्हायले. म्हनलं, व्हय, म्याच घेतलं. आन डाक्तर, तितल्या तितं तोंडाला पानी आलं बगा. दोन म्हयनं न्हवतं आलं. देवानं सोडलं मला."

थेंब शनिवारी अकरानंतर बंद झाले होते. सोमवारी सकाळपर्यंत लाळ परत येणारच.

येडू खाली मान घालून काडीने माती उकरत होता. तो म्हणाला, "आसं रोज सांगती. मला पटत न्हाय. कुनी दम दिला मनून बोलली ती. मी म्हनतुया, तू घेतलं न्हाईस."

मायाक्का त्याच्याकडे वळली. "तुला दावू का?" सुपातली मूठभर कोरडी ज्वारी तिने तोंडात टाकली. चावली. एका बाजूने चावताना तिचे तोंड वाकडे होत होते. त्या बाजूचे दात दुखत असणार. मग तिने ती तळहातावर थुंकली आणि हात भावासमोर धरला. ओला, चिकट गोळा. लाळ बोटांच्या फटीतून खाली गळत होती.

येडूने हाताकडे पाहिले, मग माझ्याकडे. "डाक्तर, आसं आसतंय का? कबूल केल्यावर पानी येतंय?"

आता सांगायचे होते. वाक्य तयार होते. टांग्यात मी ते तीनदा म्हणून पाहिले होते. पण मायाक्का माझ्याकडे पाहत होती. तिच्याकडे नोकरी नाही, मुले नाहीत, घर नाही. देवाने सोडले एवढे एकच आहे. ते मी काढून घ्यायचे का? आणि बदल्यात काय द्यायचे, दोषी म्हणून माझे नाव? हा विचार मला त्या क्षणी तिच्या हिताचा वाटला. अजूनही तो तसा नव्हता असे मला सिद्ध करता येत नाही.

मी म्हणालो, "भीतीने लाळ आटते. कबुली दिली की मनावरची भीती जाते, आणि मग लाळ परत येऊ शकते. शास्त्र असे सांगते."

येडूने काडी टाकून दिली. "मंजी घेतलंच हुतंस तू," तो बहिणीला म्हणाला. आवाज चढवला नाही. उठला आणि मेंढरांकडे गेला. मायाक्का हसून मान हलवत होती. अखेर भावालाही पटले, याचे तिला बरे वाटलेले दिसले.

मी तिला तोंड उघडायला सांगितले. तिने सवयीने उघडले. सात डाग. दोन दात मुळापासून काढावे लागतील. तिने विचारले, पाणी परत आले तरी दात का दुखतात? मिश्री लावत जाऊ नकोस, असे मी सांगितले.

परत येताना येडूला दिलेले उत्तर मी शब्दाशब्दाने तपासून पाहिले. त्यात खोटे काही नाही.